किडनीला रक्त कमी पडलं म्हणजे नेमकं काय? (वारी, बीपीची गोळी आणि क्रिएटिनिन)

माणदेशी_पोर
नमस्कार मंडळी. जाणकारांनी जरा मदत करा.
बाबा (वय ६८) यंदाही माउलींच्या पालखीबरोबर चालत होते. नातेपुत्याच्या आसपास पोट बिघडलं, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. तरी चालणं सोडलं नाही. गुडघे धरले म्हणून दिंडीतल्या कुणाकडून तरी दुखण्याची गोळी घेत होते, सकाळ-संध्याकाळ एकेक. बीपीची रोजची गोळी (टेल्मिसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइड एकत्र असलेली) मात्र नेमाने चालू. ती चुकवायची नाही असं आईने बजावून पाठवलं होतं. पंढरपूर गाठायच्या आधीच चक्कर येऊन बसले. दिवसभरात लघवी एकदाच, तीही गडद.
दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी ९०/६०, यूरिया १३२, क्रिएटिनिन २.६ (किडनीची गाळण कमी झाली की रक्तात वाढणारे हे दोन आकडे). मार्चच्या तपासणीत क्रिएटिनिन १.० होतं. सोनोग्राफीत दोन्ही किडन्यांचा आकार नॉर्मल, खडा नाही, सूज नाही. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीचा आजार नाही, किडनीला रक्त कमी पडलंय.’ सलाईन चालू आहे.
घरात आता दोन तट पडलेत. काका म्हणतात बीपीच्या गोळ्यांनीच किडनी गेली, कायमच्या बंद करा. रक्त कमी पडलं म्हणजे काय, ते भरून निघतं का, आणि काकांचं खरं मानायचं का?

उंबरठा
काका बरोबर बोलताहेत. आमच्या गल्लीत तीन जण डायलिसिसवर आहेत, तिघेही वर्षानुवर्षं बीपीच्या गोळ्या खाणारे. डॉक्टर लोक हे सांगत नाहीत.

कोरांटी
उंबरठा, तिघांना बीपी होतं हेही तितकंच खरं ना? वर्षानुवर्षं न आवरलेलं बीपी किडनीच्या बारीक रक्तवाहिन्या जाड आणि अरुंद करतं. मधुमेहाखालोखाल किडनी निकामी होण्याचं ते मोठं कारण आहे. गोळी खाणाऱ्याची किडनी गेली म्हणून गोळीने गेली, हा हिशोब पावसात छत्र्या दिसतात म्हणून छत्र्यांनी पाऊस येतो, अशातला झाला.

मापोर, मी फिजिशियन आहे. तुमच्या बाबांना तपासलेलं नाही, त्यामुळे तिथले डॉक्टर सांगतील तेच अंतिम. पण प्रश्न चांगला आहे म्हणून सविस्तर लिहिते.

दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. पण हृदय जेवढं रक्त बाहेर टाकतं त्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, एकट्या किडन्यांकडे जातो. एवढं रक्त लागतं ते गाळण्यासाठी. दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळलं जातं आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळं, मिठासकट, परत रक्तात घेतलं जातं. हे परत घेण्याचं कामच अंगमेहनतीचं. त्यासाठी ऑक्सिजन लागतो, आणि नेमका जिथे तो जास्त लागतो त्या आतल्या गाभ्याला आलेल्या रक्ताचा जेमतेम दहावा हिस्सा पोचतो. म्हणजे सगळं सुरळीत असतानाही गाभा काठावरच जगत असतो.

आता गाळण कशी चालते ते. किडनीत रक्त गाळणारे बारीक केशवाहिन्यांचे लाखो पुंजके असतात. प्रत्येक पुंजक्यात रक्त आत नेणारी एक वाहिनी आणि बाहेर नेणारी दुसरी. अंगातलं पाणी घटलं, रक्तदाब उतरला, की किडनी दोन गोष्टी करते. प्रोस्टाग्लँडिन नावाच्या द्रव्याने आतली वाहिनी सैल ठेवते आणि अँजिओटेन्सिनने बाहेरची आवळते. यामुळे येणारं रक्त कमी असलं तरी पुंजक्यातला दाब टिकतो आणि गाळण चालू राहते.

बाबांच्या बाबतीत काय झालं बघा. जुलाबांनी पाणी गेलं. गोळीतल्या हायड्रोक्लोरोथायझाइडने लघवीवाटे आणखी मीठ-पाणी काढलं. दुखण्याच्या गोळीने (बहुधा डायक्लोफेनॅक किंवा अ‍ॅसेक्लोफेनॅक असावी, पाकीट असेल तर बघा) प्रोस्टाग्लँडिन बंद पाडलं, म्हणून आतली वाहिनी आवळली. आणि टेल्मिसार्टनने अँजिओटेन्सिनचं चालू दिलं नाही, म्हणून बाहेरची वाहिनी सैल पडली. बचावाचे दोन्ही मार्ग बंद. या तिन्ही औषधांचं त्रिकूट डॉक्टरांना चांगलं ठाऊक आहे. बाबांच्या बाबतीत त्यात जुलाबांची भर पडली.

आणखी एक. ज्यांचं बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं आहे त्यांच्या किडनीला त्या दाबाची सवय झालेली असते. तरण्या माणसाला १०० चं वरचं बीपी चालून जातं, पण कायम १५० वर असणाऱ्या म्हाताऱ्या माणसाची किडनी त्याच १०० वर उपाशी राहू शकते. त्यामुळे ‘बीपी तर नॉर्मल आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

काकांचं उत्तर: एरवीच्या दिवसांत टेल्मिसार्टन किडनीला जपणारी गोळी आहे, विशेषतः लघवीतून प्रथिनं जात असतील तर. जुलाब-उलट्या चालू असताना, खाणंपिणं बंद असताना ती आणि लघवीची गोळी तात्पुरती थांबवायची असते. खाणंपिणं सुरळीत झालं की डॉक्टरांना विचारून पुन्हा सुरू. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन वर्गातल्या गोळ्यांचंही तसंच. हे पेशंटला आधीच सांगून ठेवायला हवं, आणि ओपीडीच्या गर्दीत ते राहून जातं, ही आमच्या लोकांची उणीव मान्य.

माणदेशी_पोर
ताई, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. पाकीट सापडलं, अ‍ॅसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र आहे. भरून निघतं का, तेवढं सांगा.

स्लाइडवाली
मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, रिपोर्टच्या बाजूने थोडी भर घालते. आपल्याकडे यूरिया देतात, पुस्तकांत बीयूएन (म्हणजे यूरियातला नुसता नायट्रोजन) असतं. यूरियाला २.१४ ने भागलं की बीयूएन मिळतं. १३२ चे झाले ६२ च्या आसपास. त्याला २.६ ने भागा, जवळपास २४ येतं. हे गुणोत्तर २० च्या वर असलं की कल ‘रक्त कमी पडलंय, किडनीचं मांस अजून शाबूत आहे’ या बाजूला असतो. कारण किडनी जीव तोडून पाणी परत ओढत असते आणि पाण्याबरोबर यूरियाही परत येतो, क्रिएटिनिन तसं येत नाही. (पोटात रक्तस्राव असेल किंवा स्टिरॉइड चालू असतील तरीही यूरिया वाढतो, त्यामुळे एकट्या या आकड्यावर उडी मारू नका.)

लघवीतलं सोडियमही बघतात. किडनी शाबूत असेल तर ती मीठ सोडत नाही, सोडियम २० च्या खाली येतं. पण तुमच्या बाबांच्या पोटात लघवीची गोळी होती, ती जबरदस्तीने मीठ बाहेर काढते, म्हणून त्यांच्यात हा आकडा फसवा. अशा वेळी लघवीतल्या यूरियावरून हिशोब करतात.

आणि आमच्या हाती सगळ्यात स्वस्त तपासणी म्हणजे ताजी लघवी फिरवून तिचा गाळ मायक्रोस्कोपखाली बघणं. रक्त नुसतं कमी पडलं असेल तर काचेवर फारसं काही नसतं, असले तर स्वच्छ पारदर्शक नळीसारखे साचे. आतल्या नलिकांच्या पेशी मरायला लागल्या की मातकट तपकिरी, दाणेदार साचे दिसतात. एकदा बघितले की विसरत नाही माणूस. मात्र सॅम्पल दोन तास काउंटरवर पडून राहिलं की साचे विरघळतात, आणि वॉर्डातून सॅम्पल कधी येतं ते विचारू नका.

कोरांटी
स्लाइडवाली, उत्तम. मापोर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. लवकर रक्तपुरवठा पूर्ववत झाला तर क्रिएटिनिन दोन-तीन दिवसांत उतरायला लागतं. उपासमार लांबली तर गाभ्यातल्या नलिकांच्या पेशी मरतात. मग सलाईन देऊनही लगेच फरक पडत नाही, एक ते तीन आठवडे लागतात आणि मधल्या काळात काहींना डायलिसिस लागतं. त्या पेशी पुन्हा उगवतात हे नशीब. पण रक्तपुरवठा पूर्णच तुटला आणि बाहेरचा थर मेला तर तो परत येत नाही.

सिस्टर_कोकण
बाहेरचा थर मेलेला आम्ही पाहतो. घोणस चावलेला पेशंट उशिरा आला, रक्त गोठत नाही, बीपी पडलेलं, आणि युरोबॅगेत (लघवीच्या पिशवीत) काही नाही. बाळंतपणात खूप रक्त गेलेल्या किंवा वार आधीच सुटलेल्या बायांमध्येही हेच.
मोठ्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी, वजनाप्रमाणे धरली तर किलोला अर्धा मिली. क्रिएटिनिन वाढायला दिवस-दोन दिवस जातात, लघवी त्याच तासाला बोलते. म्हणून नव्या मुलींना मी सांगते, मॉनिटरकडे नंतर बघ, आधी वाकून पिशवी बघ. पिशवी रिकामी दिसली तर नळी पिळवटलीय का, पेशंट नळीवर झोपलाय का, हेही बघ. निम्म्या वेळा तेच असतं!

घाटमाथा
उपयुक्त धागा, वाचनखूण साठवली. थोडक्यात काय, पाणी भरपूर प्यायचं. मी रोज पाच लिटर पितो, किडनी एकदम ठणठणीत.

कोरांटी
घाटमाथा, तुम्हाला चालत असेल. सगळ्यांना नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो म्हणून लिहिते.
किडनीला रक्त कमी पडायला अंगातलं पाणी कमीच असावं लागतं असं नाही. हृदय दुबळं झालं की अंगात पाणी भरपूर असतं, पाय सुजलेले, रात्री आडवं झालं की धाप, तरीही किडनीपर्यंत रक्ताचा जोर पोचत नाही. किडनीला यातला फरक कळत नाही. जुलाब झालेला माणूस आणि हृदय थकलेला माणूस, दोघांच्या किडनीला बातमी एकच मिळते: रक्त कमी आलंय. मग ती रेनिन नावाचं द्रव्य सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन आणि अल्डोस्टेरॉन (मीठ धरून ठेवणारं संप्रेरक) वाढतं, आणि मीठ-पाणी धरून ठेवलं जातं. पहिल्या माणसाला त्याने जीवदान मिळतं. दुसऱ्याची सूज आणखी वाढते. त्याला पाच लिटर पाणी पाजलं तर फुप्फुसात पाणी होईल. त्याला उलट लघवीचं औषध देऊन पाणी काढावं लागतं आणि कित्येकदा त्यानेच क्रिएटिनिन सुधारतं, कारण शिरांमध्ये तुंबलेलं रक्त किडनीवर मागून दाब देत असतं. लिव्हर सिरोसिसमध्येही असाच घोळ: पोटात लिटरच्या लिटर पाणी, आणि किडनी कोरडी.

उंबरठा
म्हणजे पाणी पिऊ नका म्हणता? कालपर्यंत प्या म्हणत होता.

कोरांटी
ज्याला जुलाब होताहेत त्याने प्यावं, नुसतं पाणी नको, ओआरएस. ज्याला हृदयाच्या डॉक्टरांनी मोजून पाणी सांगितलंय त्याने मोजूनच. यात विरोध कुठे आहे?

सदाफुली
धागा वारीचा आणि म्हाताऱ्या माणसांचा असला तरी तरुण मुलींविषयी एक सांगायचंय. माझ्या भाचीला बावीसाव्या वर्षी डोकेदुखी म्हणून नेलं तर बीपी २०० च्या वर. सगळे म्हणाले टेन्शन असेल, परीक्षा जवळ आलीय. एका वयस्कर डॉक्टरांनी दोन्ही हातांचं बीपी घेतलं, डाव्या हाताची नाडीच नीट लागेना. मग पोटावर स्टेथो ठेवून बराच वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले इथे सूं-सूं आवाज आहे. सीटी अँजिओग्राफीत दोन्ही किडन्यांच्या रक्तवाहिन्या तोंडाशीच अरुंद निघाल्या. ताकायासू आजार. कुणी याबद्दल ऐकलंय का?

कोरांटी
ऐकलंय, आणि आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा हा जास्त दिसतो. महाधमनी आणि तिच्या मोठ्या फांद्यांच्या भिंतींना सूज येते आणि त्या अरुंद होतात. मिकितो ताकायासू हे जपानी नेत्रतज्ज्ञ, त्यांनी १९०८ साली एका तरुण बाईच्या डोळ्यातल्या रक्तवाहिन्यांचं वर्णन केलं, तिथून हे नाव. तरुण मुलीचं बीपी इतकं वाढलं असेल तर परीक्षेच्या टेन्शनवर ढकलायच्या आधी दोन्ही हातांचं बीपी आणि पायांतल्या नाड्या बघायलाच हव्यात. तिचं बीपी वाढायचं कारणही वर लिहिलेलंच: अरुंद वाहिनीपलीकडच्या किडनीला वाटतं अंगात रक्तच नाही, ती रेनिन सोडत राहते आणि सबंध शरीराचं बीपी चढतं. हॅरी गोल्डब्लाट यांनी १९३४ मध्ये कुत्र्यांच्या किडनीच्या रोहिणीवर चांदीचा चिमटा थोडासा आवळून हेच दाखवलं होतं. तोवर बीपी आधी आणि किडनी नंतर, असंच बहुतेक जण धरून चालत.
भाचीची सूज आधी स्टिरॉइड वगैरेंनी शांत केली असेल आणि मग अरुंद वाहिनी रुंद करायला आतून फुगा घातला असेल?

सदाफुली
अगदी तसंच. सूज असताना फुगा घातला तर वाहिनी पुन्हा बंद होते असं सांगितलं होतं. आता एका गोळीवर बीपी १३० च्या आत आहे, नोकरी करते.

न्यूजर्सीकर
माझी आई नाशिकला, वय ७४. हृदयाची अँजिओग्राफी करताना ‘जाता जाता’ किडनीची नसही बघितली म्हणे, डावीकडे ६० टक्के ब्लॉक. लगेच स्टेंट टाकू म्हणताहेत. बीपी दोन गोळ्यांवर १३५, क्रिएटिनिन १.१. इथून फोनवर मला काही ठरवता येत नाहीये. ब्लॉक आहे तर उघडलेला बरा ना?

कोरांटी
वाटतं तसं खरं, पण नेहमी फायदा होत नाही. म्हातारपणी हा ब्लॉक चरबी साचून होतो, वाहिनीच्या तोंडाशी. अमेरिकेत ‘कोरल’ नावाची मोठी चाचणी झाली, ९४७ रुग्ण, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. अर्ध्यांना स्टेंट आणि औषधं, अर्ध्यांना नुसती औषधं. हार्ट अटॅक, पक्षाघात, किडनी निकामी होणं, मृत्यू, कशातच म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. त्याआधी ब्रिटनमधल्या ‘अ‍ॅस्ट्रल’नेही (२००९) तेच सांगितलं होतं. कारण तोवर किडनीच्या आतल्या बारीक वाहिन्याही खराब झालेल्या असतात. मोठा नळ उघडून उपयोग मर्यादित.
स्टेंटचा विचार करायचा तो तीन-चार गोळ्यांवरही बीपी आवरत नसेल, फुप्फुसात अचानक पाणी भरण्याचे झटके येत असतील, किंवा दोन्ही बाजूंना ब्लॉक असून क्रिएटिनिन भराभर चढत असेल तर. तुमच्या आईंचं यातलं काही दिसत नाही. स्टॅटिन, अ‍ॅस्पिरिन, बीपी-शुगर ताब्यात, तंबाखू-मिश्री असेल तर बंद. नेफ्रोलॉजिस्टचं दुसरं मत घ्या, घाई नाही. आणि त्यांना टेल्मिसार्टनसारखी गोळी सुरू केली तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करून घ्या. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर बहुधा चालतं, त्याहून वर गेलं तर दुसऱ्या बाजूलाही ब्लॉक नाही ना, हे बघावं लागतं.

न्यूजर्सीकर
आईला मिश्रीची सवय आहे. सोडत नाही. आज पुन्हा भांडतो.

माळढोक
अवांतर: दुखण्याच्या गोळीवरून आठवलं. आपल्याकडची गिधाडं याच डायक्लोफेनॅकने संपली. गुरांना टोचलेलं औषध, मेलेलं जनावर खाल्लं की गिधाडांची किडनी बंद आणि आतल्या अवयवांवर यूरिक अ‍ॅसिडचा पांढरा थर. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणसाला मात्र चहाच्या टपरीवरसुद्धा मिळतं.

घाटमाथा
माळढोकबुवा, धागा किडनीचा आहे, गिधाडं कुठून आणलीत? माहिती भारी आहे पण.

माणदेशी_पोर
अपडेट: क्रिएटिनिन २.६ वरून १.९, आज १.४. लघवी मोकळी होतेय. बीपीची गोळी सध्या बंद ठेवलीय, पुढच्या आठवड्यात बघून सुरू करू म्हणाले. काकांना कोरांटीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, ते ‘बघू’ म्हणाले. बाबांचा प्रश्न वेगळाच आहे: गुडघ्याला मग लावायचं काय?

कोरांटी
वा! तीन महिन्यांनी क्रिएटिनिन आणि लघवीतली प्रथिनं मात्र जरूर करा. असा एक फटका बसलेल्या किडनीला पुढे दीर्घ आजार होण्याचा धोका थोडा वाढतो.
गुडघ्याला मलम चालेल, त्यातलं औषध रक्तात फार थोडं उतरतं. पोटात घ्यायची वेळ आली तर नुसतं पॅरासिटामॉल. पाकिटावर खालच्या बारीक अक्षरांत अ‍ॅसेक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड यातलं काही आहे का ते बघायचं, कारण वर मोठ्या अक्षरांत नुसतं ब्रँडचं नाव असतं.

हिशोबनीस
डॉक्टर, धाग्याचा फायदा घेतो. वय ४६, तीन गोळ्या चालू आणि बीपी तरी १६०/१००. परवा पोटॅशियम ३.१ आलं. किडनीची नस अरुंद असेल का?

कोरांटी
असू शकते. तिसरी गोळी कुठली?

हिशोबनीस
क्लोरथॅलिडोन.

कोरांटी
ती स्वतःच पोटॅशियम पाडते, त्यामुळे आधी तिचा हिशोब लावायला हवा. डॉक्टरांशी बोलून पोटॅशियम भरून घ्या आणि मग रेनिन-अल्डोस्टेरॉनची तपासणी करा. कुठली गोळी किती दिवस आधी बदलायची ते तेच सांगतील, स्वतःहून काही थांबवू नका. दोन्ही वाढलेले आले तर किडनीच्या वाहिन्यांचा डॉपलर (रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी). रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन वाढलेलं आलं तर किडनीच्या डोक्यावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडे बघावं लागेल, तो वेगळा धागा. आणि घोरता का, तेही घरच्यांना विचारा, झोपेत श्वास अडकत असेल तरी बीपी आवरत नाही.

हिशोबनीस
विचारायची गरज नाही, बायको वेगळ्या खोलीत झोपते.